डोहात काही नाही

मौजे सोनथडी, ता. शहादा
१७ नोव्हेंबर १९६३

गिरधर,

थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला लिहायचं म्हणजे वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. सध्या माझ्याजवळ तुझ्यासाठी तो नाही. झाला तर कळवीन.

तू अमेरिकेला गेल्यापासूनचं हे तुझं पहिलं लांबलचक पत्र. आबा वारले तेव्हा दोन ओळी आल्या होत्या, त्यातली एक तुझ्या परीक्षेबद्दल होती. आता मात्र चार पानं, आणि वर फोटो. पोस्टमन सुपडूनं पाकीट हातात देताना विचारलं, "गिरधरभाऊ कसा शे?" मी म्हटलं, "त्याले काय धाड भरनी? मजामा शे."

फोटो पाहिला. काळा रबरी अंगरखा, पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. मागं नाव लिहिलं नसतंस तर हा आमचा गिरधर हे मला कळलंही नसतं. शेजारी तो समुद्रसिंह. सिंह कसला, चिखलातून उठलेला रेडा दिसतो, मिशा तेवढ्या आबांच्या. पण त्याचे डोळे पाहिले आणि मी फोटो उलटा ठेवला. तसले डोळे पाण्याखाली मी पाहिलेत. तूही पाहिलेस.

तू लिहितोस, कॅलिफोर्नियाच्या समुद्रात डुबी मारणाऱ्यांचा तुमचा क्लब आहे आणि रानटी समुद्रसिंहांशी कसं वागायचं हे नव्या माणसांना शिकवायचं काम तुझ्याकडे आहे. आपण त्यांच्याकडे जायचं नाही, यायचं तर त्यांनी यावं. हात लावायचा नाही. खायला घालायचं नाही. खडकावर निजलेल्यांना उठवायचं नाही. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये शिरायचं नाही. मोठा नर भुंकत आडवा गेला की आपली वेळ झाली असं समजून गुमान मागं सरायचं. हे सगळं म्हणे तुला तुझ्या गावच्या नदीतल्या पाणमांजरांनी शिकवलं. आणि करंगळीचं पेर कुठं गेलं असं कुणी विचारलंच, तर जाळ्यात अडकलेलं पिल्लू सोडवताना त्याच्या आईनं गैरसमजानं चावा घेतला, असं तू सांगतोस. ते वाचून मी इतकी मोठ्यानं हसले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

आता येत्या माघात तू येणार. बरोबर क्लबातले दोघे कॅमेरे घेऊन येणार आणि आपल्या डोहातल्या पाणमांजरांची पाण्याखालची फिल्म काढणार. "इतकी वर्षं झाली, एव्हाना परत आली असतील ना, अक्का?" आणि शेवटच्या ओळीत, "जामसिंगला तयार ठेव."

जामसिंगला तयार ठेव! हे लिहिताना तुझा हात झडला कसा नाही?

तुला समुद्राच्या पाण्यानं विसर पडला असेल तर मी सांगते. मी काहीच विसरलेली नाही.

आबांनी तापीच्या काठावर केळीसाठी इंजिन बसवलं. त्याच्या पाइपाचं तोंड डोहाच्या तळाशी, तोंडाला फूटवाल्व्ह, त्यावर जाळीची टोपली. जाळीत शेवाळ अडकलं की इंजिन कोरडं फिरायचं, मग कुणीतरी डुबी मारून जाळी साफ करायची. ते काम जामसिंगचं. आपल्या सालदाराचा मुलगा, तुझ्याच वयाचा. आपण तिघं त्या डोहात एकत्र वाढलो. मुलीच्या जातीनं डुब्या मारायच्या नाहीत म्हणून मी मार खाल्ला आणि तरी उतरले. जामसिंगच्या घरची रीत आपण तिघंही पाळायचो. उतरायच्या आधी दोन गोटे पाण्याखाली एकमेकांवर वाजवायचे आणि थांबायचं. पाणमांजरांची शीळ आली, ती पलीकडच्या अंगाला गेली, की मग उतरायचं. जवळ आली तर हात छातीशी धरून ठेवायचे. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांची पिल्लं बिळात असतात, तेव्हा त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, इंजिन बंद पडलं तरी.

अठ्ठावन्न सालच्या माघात तुझं लग्न निझरच्या गुजरांकडे ठरलं. नवरीकडची मंडळी आपल्यातल्या रिवाजाप्रमाणे तापीमाईला लुगडं वाहायला आली. वाहिलेलं लुगडं वाहत जायला हवं. ते गेलं नाही. चालू इंजिनानं ते ओढून घेतलं. अर्धं जाळीला गुंडाळलं आणि मोकळं टोक पाणमांजरांनी बिळात नेलं. काठावरून कुणीतरी म्हातारं बोललं की अडकलेलं लुगडं नवऱ्या मुलानंच सोडवायचं असतं, नाहीतर अपशकुन. जामसिंग तुला म्हणाला, "आते नको, भाऊ. पिल्ले शेतस. शिमगा होऊ दे." पण सासुरवाडी काठावर उभी होती ना! तू गोटे न वाजवता उतरलास आणि बिळाच्या तोंडात उभा राहून लुगडं ओढायला लागलास. पिल्लं आत, आई बाहेर, मध्ये तू. तिनं चावायचं नाही तर काय करायचं?

करंगळी धरून तू वर आलास तेव्हा नवरीचा मामा हसला. एवढंच झालं होतं, गिरधर. एक माणूस हसला.

त्याच संध्याकाळी कपाशीवर फवारायच्या एंड्रिनचा डबा घेऊन तू डोहाकडे निघालास. मी ओट्यावरून हाक मारली. तू वळून पाहिलंस आणि तसाच गेलास. सकाळी डोहभर मासे उलटे पडले होते आणि पाणमांजरांचं सगळं कुटुंब रेतीवर. आईच्या तोंडात पिल्लू होतं, ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. खालच्या अंगाला भिलाटीची, जामसिंगच्या भिल्ल वस्तीची गुरं ते पाणी प्याली आणि तडफडून मेली. फौजदार आला. तुझं अमेरिकेचं सगळं ठरलेलं. तू म्हणालास, मासे मारायला जामसिंगनं औषध टाकलं. रिकामा डबा त्याच्या घरातच सापडला, कारण रॉकेल ठेवायला तो तूच त्याच्या बायकोला, रूपलीबाईला, नेऊन दिला होतास. मी फौजदारासमोर जाऊन खरं सांगितलं. तो आबांबरोबर चहा पीत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही आत जा."

जामसिंग धुळ्याच्या तुरुंगात जाऊन आला. तेव्हापासून त्यानं तापीच्या काठावर पाय ठेवायचा नाही, असा गावाचा आणि भिलाटीचा दोघांचा निर्णय आहे. ज्यांचे बैल मेले ते त्याचेच भाऊबंद. रूपलीबाईशी तिची सख्खी जाऊ बोलत नाही.

तेव्हा ये. जरूर ये. पण आधी चावडीसमोर उभा राहा आणि एंड्रिन कुणी टाकलं ते आपल्या तोंडानं सांग. नाही सांगितलंस तर तुझ्या क्लबाला मी कळवते. शाळेतल्या मास्तरांना इंग्रजी येतं आणि मला लाज नाही.

सरलाबाई

*

सोनथडी
२९ डिसेंबर १९६३

गिरधर,

तुझं उत्तर मिळालं. "झालं गेलं गंगेला मिळालं" असं लिहितोस. आपल्याकडे तापी आहे, आणि तिला काय मिळालं ते मी मागच्या पत्रात लिहिलंय.

"तेव्हा मी लहान होतो." चोवीस वर्षांचा लहान! मी सतराव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आले, तेव्हा मला कुणी लहान म्हणालं नाही. तुझ्याबरोबर तो जामसिंगही चोवीसचाच होता.

त्याच्यासाठी घड्याळ आणतोयस, चांगलं स्वित्झर्लंडचं. आण बापा. त्याला वेळ बघायची फार गरज असते. सकाळी केळीच्या बागेत राखणीला बसतो, संध्याकाळी उठतो. बाग आपलीच. आबा गेल्यावर शेती माझ्या हातात आली, तेव्हा पहिलं काम मी त्याला परत ठेवण्याचं केलं. गावाला ते झोंबलं. झोंबू दे म्हटलं. पण नदीचं मी काही करू शकले नाही. बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत तो येतो, पुढं उतार सुरू होतो तिथं थांबतो. उन्हाळ्यात केळीच्या खांबाला टेकून पाण्याकडे बघत बसतो. पाण्यात वाढलेला माणूस विहिरीच्या बादलीनं अंघोळ करतो, हे तुझ्या त्या क्लबात कुणाला सांगून बघ.

जाळी कोण साफ करतं, असं तू विचारलं नाहीस. तुझ्या डोक्यातच आलं नसेल. मी करते. नऊवारीचा काष्टा घट्ट मारते आणि उतरते. पहिल्या वर्षी बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्यांच्या कळश्या पडल्या की मलाच हाका मारतात. मला टाकी लागत नाही आणि काचही लागत नाही. मात्र दम पूर्वीसारखा राहिला नाही, हे खरं.

आणि तू परत परत तेच विचारतोस. आहेत का? परत आली का? एक तरी दिसलं का?

चार पानांत जामसिंगचं नाव एकदा, आणि पाणमांजरांचं किती वेळा ते मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. तर ऐक. आहेत की नाहीत, हे मी पत्रात लिहिणार नाही. डोहात मी उतरते, मला जे दिसतं ते दिसतं. तू आधी चावडीवर बोल. मग विचार मला.

मी धमकी देते असं म्हणतोस. हो, देते. तुला वाटलं असेल, अक्का रागावली, दोन दिवस फणफण करील आणि पुरणपोळी घालील. तो राग मी रोज ताजा ठेवलाय. रोज इंजिन सुरू करताना आठवण करते. निझरच्या त्या मुलीनं तुझी तीन वर्षं वाट पाहिली, मग तिला बिजवराला दिली. तिच्यासाठीही थोडा ठेवलाय.

मी तुझी वाट बघते आहे. अशी वाट मी आजवर कुणाची पाहिली नाही.

सरलाबाई

*

सोनथडी
१६ जानेवारी १९६४

गिरधर,

तुझं पोस्टकार्ड आलं. चावडीवर बोलण्याबद्दल "बघू" असा एकच शब्द आहे. ठीक. मीही बघते.

नंदुरबार स्टेशनवर उतरा. गाडी पाठवीन, तापी उतरायला होडी असेल. मधल्या घरात गोऱ्या पाहुण्यांची व्यवस्था केली आहे. त्यांना तिखट चालत नसेल तर त्यांच्यापुरतं वेगळं करू. तुझ्या ताटातलं कमी करणार नाही.

हवेच्या टाक्या भरायचं यंत्र आणतोस ते डोहापासून लांब लावायचं, बागेच्या अलीकडे. आवाज करतं म्हणतोस ना? इथं अंगावर यायला काही नसेलही, पण नियम म्हणजे नियम. तूच तिकडं शिकवतोस.

मास्तर शाळेत तुझा सत्कार करायचं म्हणताहेत. मी म्हटलं, करा. गाव सगळं जमेल. भिलाटीलाही निरोप धाडलाय. बोलायला याहून चांगली जागा तुला मिळणार नाही. जामसिंगही येईल, कुंपणाच्या बाहेर बसेल.

सरलाबाई

*

सोनथडी
१९ एप्रिल १९६४

चि. गिरधर,

तू जाताना मला "खोटारडी" म्हणालास. होडी सुटल्यावर म्हणालास, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये. आज देते.

तुझ्या मनात काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. अक्कानं गळाला पाणमांजरं लावली आणि माझ्याकडून वदवून घेतलं. गळ रिकामाच होता. इतक्या लांबून मित्रांना आणलं, त्यांच्यासमोर नाक कापलं गेलं, गावासमोरही कापलं गेलं. असंच ना?

शाळेतल्या सत्कारापासून सुरू करते. तू बोललास छान. अमेरिकेतली शेतं, यंत्रं, समुद्र. समुद्रसिंह कसा भुंकतो ते तू करून दाखवलंस तेव्हा पोरं बाकांवरून पडली. मी पहिल्या रांगेत बसून वाट पाहत होते. जामसिंग कुंपणाबाहेर लिंबाखाली उकिडवा बसून पोरांबरोबर हसत होता. तू खाली उतरलास, त्याला आत बोलावलंस आणि सगळ्यांसमोर त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलंस. टाळ्या झाल्या. बाकी एक शब्द नाही. ते घड्याळ रूपलीबाईनं शेळीच्या गळ्यात बांधलंय. तुझ्या माहितीसाठी, अजून चालतंय.

मग तुझ्या डुब्या सुरू झाल्या. मी काठावर बसून सगळं पाहिलं. तू चांगला उतरतोस, हे मी कबूल करते. गोटे वाजवलेस, थांबलास, हात छातीशी धरलेस, जुन्या बिळापासून लांब राहिलास. सगळं अगदी शहाण्यासारखं. एवढा शहाणपणा त्या माघात करंगळीएवढा जरी असता! बुडबुडे वर येत राहिले, तू वर येऊन मान हलवत राहिलास. उंच गोरा आधी हसायचा, मग भिंगाला झाकण लावून झाडाखाली झोपायला लागला. दाढीवाला तर माश्यांनी वैतागला. आपला गिरधर थापाड्या निघाला की काय, अशी शंका त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती. खोटं का बोलू, त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं.

जायच्या आदल्या दिवशी तू चुलीपाशी येऊन बसलास. लहानपणी बसायचास तसाच, पाटावर, गुडघे पोटाशी घेऊन.

"अक्का, शेतस का नही? एकदाव सांग."

"चावडीवर बोल. मंग इचार."

"तुले त्या जामसिंगना एवढा पुळका काबर?"

हे विचारायला नको होतंस, गिरधर. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तुझ्याकडे पाहिलं नाही. तू उठलास, टोपी घातलीस आणि चावडीकडे गेलास. मी चूल तशीच सोडून मागं आले; पोरांनी हाका घालून गाव आणि भिलाटी गोळा केली.

तू बोललास. त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. आधी पुस्तकी मराठीत सुरुवात केलीस, ती अडखळली, मग आपली भाषा तोंडात आली. "औषध मी टाकं. जामसिंगनी नही. डबाबी मीच दिधा. मी खोटं बोलनू." एवढंच, पण सगळ्यांनी ऐकलं. तुझा आवाज फुटला तेव्हा मी दोन पावलं पुढं आले, मग थांबले. भिलाटीतला खात्या, ज्याची बैलजोडी गेली होती, तो उठला. मला वाटलं तुला मारतो. तो जामसिंगपाशी गेला, त्याचा हात धरला आणि "चाल नदीवर" म्हणाला. कुणी ठराव केला नाही, कुणी बंदी उठवली असं म्हणालं नाही. दोघं उतारानं खाली गेले आणि मागं आख्खी भिलाटी गेली. रूपलीबाई तिथंच मातीत बसून रडायला लागली. तिची जाऊ तिच्याशेजारी जाऊन बसली.

आणि तू काय करत होतास?

तू डोळे पुसलेस. पुसता पुसताच त्या उंच गोऱ्याला हातानं खूण केलीस, कॅमेऱ्याची पेटी उघड म्हणून. मग माझ्याकडे वळलास. "आते दखाड, अक्का."

जामसिंग सहा वर्षांनी पाण्यात उतरत होता, गिरधर. शंभर पावलांवर. तू तिकडे मान वळवून पाहिलंही नाहीस. ते सगळं तू त्याच्यासाठी बोलला नव्हतास. तिकिटाचे पैसे मोजावेत तसं तू ते मोजलंस आणि आता खेळ दाखवा म्हणत होतास. तोपर्यंत माझं मन दोन्हीकडे ओढत होतं, खरं सांगते. त्या खुणेबरोबर माझं ठरलं.

"काय दखाडू?" मी म्हटलं. "डोहमा काही नही शे."

आणि ते खोटं नव्हतं. त्या डोहात काही नाही. सहा वर्षांत तिथं एकही पाणमांजर परत आलेलं नाही.

पण नदी म्हणजे काही तो एकच डोह नव्हे.

आता नीट बसून वाच. तू आलास त्याच्या आदल्या पावसाळ्यात, पूर ओसरल्यावर, मला जाळी साफ करताना वरच्या अंगानं शीळ ऐकू आली. मला वाटलं कानात पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी गेले तर रेतीवर त्यांची विष्ठा, माशांच्या खवल्यांनी चमकणारी. नर आणि मादी. कुठून आली, गुजरातेकडून की आणखी वरून, कुणास ठाऊक. मी फक्त जामसिंगला सांगितलं. त्याला तेव्हा काठावर यायची बंदी, पण वारा इकडचा असला की बागेच्या शेवटच्या ओळीत त्याला शीळ ऐकू यायची. तो मला हातानं दाखवायचा, आता इथं आहेत, आता तिथं गेली. तू घड्याळ बांधलंस तेव्हा त्याला ते माहीत होतं. तू टाकी पाठीवर घेऊन रिकाम्या डोहात तोंड खुपसत होतास तेव्हा ती तुझ्यापासून एका वळणावर होती. बिळात पिल्लं होती.

माघात, पिल्लांच्या दिवसांत, तिथं मी कुणालाही नेणार नव्हते, हे कारण तुला पटेल. तुझ्याच क्लबाचा नियम आहे. ते कारण खरंही आहे. पण मी त्याच्या आड लपत नाही. तू आषाढात आला असतास तरी मी दाखवली नसती.

जामसिंगनं मात्र दाखवायला लावली असती. त्याच संध्याकाळी ओल्या अंगानं तो माझ्याकडे आला. केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा असा झाला होता की मला त्याच्याकडे नीट बघवेना.

"बाई, दखाडी दे त्याले," तो म्हणाला. "लांबथीन. पल्लाड काठवर बसाडी. एवढा दूरथीन उना शे."

"तुले जेलमा धाडं त्यानी."

"मन्हा मनमा आते काही नही."

"मन्हा मनमा शे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तुम्ही भाऊबहीण सारखाच शेतस." आणि गेला. ते मला लागलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण तू निघालास तेव्हा मी तोंड उघडलं नाही, आणि मी उघडलं नाही म्हणून त्यानंही उघडलं नाही.

तेव्हा जामसिंगनं तुला माफ केलं आहे, हे कळावं. गावानं तर केलंच आहे, गावाला बाहेरगावी शिकलेल्या माणसाला माफ करायची घाईच असते. तुझ्या कबुलीचं जे मोल होतं ते ज्याचं त्याला मिळालं. त्यात माझा वाटा नव्हता, म्हणून माझ्याकडून तुला काही मिळालं नाही. मी तुला कुठलंही वचन दिलं नव्हतं. मी म्हटलं होतं, बोल आणि मग विचार. तू विचारलंस. मी उत्तर दिलं.

आता तुझं पत्र येईल. कुठलं वळण, कुठल्या काठानं, किती आहेत. फिल्मवाले नको, मी एकटा येतो. येऊन पाय धरतो. तू ते मनापासून लिहिशील हेही मला माहीत आहे. तरी सांगणार नाही. जामसिंग लिहीत नाही, आणि रूपलीबाईला मी शपथ घातली आहे. जगभरच्या समुद्रातले सगळे समुद्रसिंह तुला लखलाभ होवोत. तापीतली ही जनावरं तू मरेपर्यंत बघायची नाहीस.

शिमगा झाला. परवा पिल्लं पहिल्यांदा उघड्यावर आली. तीन आहेत. जामसिंग आणि मी अलीकडच्या काठाला गळ्याएवढ्या पाण्यात उभे होतो, खात्या वर रेतीवर. आई त्यांना मानेला धरून पाण्यात बुडवत होती, वर काढत होती आणि ती चिरक्या आवाजात ओरडत होती. मग एक सुटलं आणि भलत्याच दिशेनं, थेट आमच्याकडे आलं. आम्ही श्वास घेतला नाही. ते माझ्या तोंडासमोर आलं, नाकातून फुर्रकन पाणी उडवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईकडे परत गेलं. जामसिंग लहान पोरासारखा हसत होता. मी इतक्या सुखात गेल्या कित्येक वर्षांत नव्हते.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं नाही. तुझा जीव जळावा म्हणून लिहिलं.

सरलाबाई